जुन्या पिकअपचा पत्रा आणि त्याची डागडुजी



पहाटेच्या वेळीं पुण्याहून नगर-रस्त्यानें शिरूरकडे किंवा सोलापूर-रस्त्यानें दौंडकडे जाणाऱ्या प्रवाशास शहराकडे येणाऱ्या लहान मालगाड्यांची जणूं रांगच लागलेली दिसते. कोणींत कांद्याचीं पोतीं असतात, कोणींत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, कोणींत दुधाचे कॅन. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत उतरणारा व तेथून आपल्या पानांत येणारा भाजीपाला बहुधा अशाच एखाद्या गाडींतून आलेला असतो. ह्या गाडीस खेड्यांतहि आणि शहरांतहि सर्व लोक 'पिकअप' म्हणतात. हिच्यांतील फार थोड्या गाड्या नव्या असतात. पुष्कळशा दहा-पंधरा वर्षें राबलेल्या, एका बाजूस पोचा पडलेल्या व चाकावरील पत्रा गंजून जाळीदार झालेल्या अशा असतात. अशा जुन्या गाडीच्या पत्र्याची डागडुजी कशी होते, ती कोणत्या क्रमानें करावी आणि कोणती डागडुजी खरी व कोणती केवळ दिखाऊ, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हा विषय शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु तो तसा नाहीं. पुण्यांत नोकरी करणाऱ्या कित्येकांची वडिलोपार्जित जमीन भीमा किंवा घोड नदीच्या कांठीं असते; तेथील भाऊ किंवा पुतण्या गाडी चालवितो आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च मात्र शहरांतून जातो. कित्येक जण जुनी गाडी विकत घेतात आणि चकाकणारा रंग पाहून फसतात. शिवाय, रात्रीं ज्या रस्त्यावरून आपण प्रवास करतों, त्याच रस्त्यावर ह्या गाड्या धांवत असतात. तेव्हां त्यांच्या पत्र्याचा प्रश्न हा त्यांच्या मालकाइतकाच आपलाहि आहे.

प्रथम गाडीची रचना पाहूं. मोटारीचे देह पूर्वीं लांकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवीत. सबंध पोलादी देह सांच्यांत दाबून काढण्याची पद्धति एडवर्ड बड ह्या अमेरिकन कारखानदारानें पुढें आणली. त्याचा कारखाना फिलाडेल्फिया येथें १९१२ मध्यें निघाला. आपल्याकडे १९४७ मध्यें मुंबईस जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली, १९८८ मध्यें टाटांची पिकअप आली आणि २००५ मध्यें 'छोटा हत्ती' ह्या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी 'एस' गाडी बाजारांत आली. नेहमींच्या पिकअपचे तीन भाग मानावे. पहिला भाग म्हणजे चासी. ही दोन लांब पोलादी तुळयांची व त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांची शिडीच होय. दुसरा भाग केबिन. ती रबरी बैठकींवर बोल्टांनीं बसविलेली असते. तिसरा भाग हौदा. तोहि स्वतंत्रपणें बोल्टांनीं चासीवर आवळलेला असतो. भार वाहण्याचें काम चासी करते. म्हणून हौद्याच्या बाजूचा फाळका चेपला तर गाडी विद्रूप होईल, पण दुबळी होणार नाहीं. उलट, चासी बोटभर वांकली तर गाडी वरून कितीहि देखणी असली तरी ती धोक्याचीच. डागडुजीचा सारा विचार ह्या एका भेदावर उभारलेला आहे.

शिरूर व दौंड हे तालुके पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यांत येतात. त्यामुळें कोंकणांतल्याप्रमाणें येथें गाड्या खाऱ्या हवेनें सडत नाहींत. येथील गाडीचे शत्रू निराळे आहेत. शेतांतील अरुंद वाटेनें मागें येतांना विहिरीच्या कठड्यास किंवा बाभळीच्या बुंध्यास लागलेला फाळका. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉलीशीं झालेली घसट. चढवितांना बिथरलेल्या म्हशीची लाथ. पोत्यांच्या थप्पीखालीं आंतून बाहेर फुगलेला पत्रा, हे नेहमींचे आघात. गंजाचें मूळहि येथें वेगळें असतें. ओली पोतीं, शेणमिश्रित चारा, सांडलेलें दूध आणि विशेषतः रासायनिक खत हीं हौद्याच्या कोपऱ्यांत साचतात. पोटॅशच्या नेहमींच्या खतांत क्लोराइड असतें, म्हणजे मिठांत असतो तोच लोखंडाचा वैरी. एखादें पोतें फाटून खत फटींत शिरलें व त्यावर पाणी पडलें, कीं कोरड्या दौंडांतहि तेवढ्या जागेपुरता समुद्रकिनारा निर्माण होतो. काळ्या मातीचा चिखल चाकांवरील मडगार्डांच्या आंत थापला जातो आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून बसतो. हौदा महिन्यांतून एक-दोन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन कोरडा केला, तर गंजाचें पुष्कळसें काम होण्यापूर्वींच थांबतें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. कारागिराकडे गाडी नेल्यावर पहिला प्रश्न "रंग केव्हां लागेल?" असा विचारूं नये; "चासी सरळ आहे काय?" असा विचारावा. हें तपासण्याची एक सोपी रीति सुशिक्षित गृहस्थास सहज समजेल, कारण ती शाळेच्या भूमितींत शिकविलेली आहे. चौकोनाच्या समोरासमोरील बाजू समान असल्या तरी तो काटकोनी असेलच असें नाहीं. दोन्हीं कर्ण समान असतील तरच तो काटकोनी. चासीवर पुढें दोन व मागें दोन अशीं सममित भोंकें किंवा बोल्ट निवडावे, ओळंब्यानें त्यांच्या खुणा सपाट जमिनीवर उतराव्या, गाडी बाजूस सारावी आणि दोरीनें दोन्ही कर्ण मोजावे. त्यांत डोळ्यांत भरण्याजोगें अंतर आलें, तर चौकट तिरकी झाली आहे. केबिन व हौदा यांमधील फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे कीं नाहीं, दारें न अडतां मिटतात कीं नाहीं, आणि टायर एका कडेनेंच झिजला आहे काय, हींहि साक्षीदारांचें काम करतात. चासी वांकलेली असेल, तर ती सरळ करणें हें रस्त्याकडेच्या गॅरेजचें काम नव्हे; तेथें तापवून व पहारीनें ओढून केलेली 'सरळ' चासी पुढें भाराखालीं त्याच ठिकाणीं दगा देते.

दुसरा मान दिव्यांचा. मागून धडक बसली, कीं मागचा फाळका आणि त्याच्या शेजारचे दिवे दोन्ही बिघडतात. परंतु मालक फाळका दुरुस्त करतो आणि दिवा 'पुढच्या खेपेस' म्हणून सोडून देतो. हंगामांत रात्रीं ह्या दोन तालुक्यांतील रस्त्यांवर जी वाहनांची गर्दी असते, तिच्यांत मागचा तांबडा दिवा नसलेली गाडी म्हणजे अंधारांत उभी असलेली भिंतच होय. म्हणून मागचे दिवे, थांबण्याची सूचना देणारा दिवा आणि प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या, म्हणजे मागें तांबडी, बाजूस पिवळी व पुढें पांढरी, हीं प्रथम नीट व्हावीं. पत्र्याचें सौंदर्य त्यानंतर.

पत्र्याचें काम समजण्यासाठीं पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी आठवावी. तेथें तांब्याच्या भांड्यास हातोडीनें मठारतात, तेव्हां प्रत्येक ठोक्यासरशीं धातु थोडी पसरते आणि त्याच वेळीं कठीण होते. पोलादी पत्र्याचा स्वभावहि असाच आहे. थोडा दाब दिला तर पत्रा लवतो व दाब काढतांच परत मूळ जागीं येतो. ही त्याची लवचीक अवस्था. मर्यादेपलीकडे दाबला, तर तो वांकतो व तसाच राहतो, आणि जेथें वांकला तेथेंच अधिक कठीण होतो. केबिनचा बाहेरील पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनहि पातळ असतो, म्हणून त्यावर ही क्रिया फार लवकर घडते. आतां पोच्याकडे नीट पाहिलें तर असें दिसतें कीं, मधला मोठा खोलगट भाग फारसा ताणलेला नसतोच. खरा बिघाड त्याच्या कडेनें उठलेल्या वळीमध्यें असतो. ती कठीण झालेली वळी मधल्या लवचीक भागास कुलुपाप्रमाणें आंत धरून ठेवते. अनाडी मनुष्य पोच्याच्या तळाशीं पाठीमागून जोरानें घण मारतो. त्यामुळें तेथील पत्रा ताणला जातो, वळी तशीच राहते, आणि एका पोच्याचे दोन दोष होतात.

कुशल डेंटर उलट दिशेनें जातो. आघाताच्या वेळीं जें शेवटीं वांकलें, तें तो प्रथम सोडवितो. एका हातांत 'डॉली' नांवाची, मुठींत मावणारी गुळगुळीत पोलादी ऐरण घेऊन तो ती पोच्याच्या खोल भागाखालीं दाबून धरतो, आणि दुसऱ्या हातानें बाहेरून उठलेल्या वळीवर हलक्या हातोडीचे ठोके देतो. ठोका वळीवर आणि आधार खोलगटाखालीं, ही ह्या कामाची पहिली रीत. तिनें वळी उतरते आणि आंतील भाग आपोआप वर येतो. पृष्ठभाग जवळजवळ समतल झाल्यावर डॉली नेमकी हातोडीखालीं आणून बारीकसारीक उंचवटे काढावयाचे, ही दुसरी रीत. परंतु तिनें पत्रा पसरतो, म्हणून ती बेतानेंच वापरावी. जेथें पाठीमागें हात पोंचत नाहीं, तेथें पत्र्यावर लहान खिळे वेल्ड करून ते ओढण्याचें यंत्र वापरतात. हातानें चांचपल्यास जो दोष कळतो, तो पुष्कळदां डोळ्यांस दिसत नाहीं; म्हणून जाणते कारागीर तळव्याखालीं फडकें धरून पत्र्यावरून हात फिरवितात.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. कढत पाणी ओतलें किंवा केंस वाळविण्याचें यंत्र धरलें कीं पोचा आपोआप बाहेर येतो, असें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. प्लास्टिकच्या बंपराच्या बाबतींत त्यांत तथ्य आहे, कारण प्लास्टिक त्या उष्णतेनें मऊ पडतें. पोलाद शंभर अंशांवर मऊ होत नाहीं. त्यावर हा उपाय म्हणजे केवळ पाणी वायां घालविणें होय.

कांहीं वेळां ठोकून झाल्यावरहि पत्रा दाबतांच आंत जातो आणि सोडतांच 'ढप्प' असा आवाज करून बाहेर येतो. ह्याचा अर्थ तेथें पत्रा ताणला जाऊन जागेच्या मानानें मोठा झालेला आहे. त्यास परत आंखूड करण्याची युक्ति मोठी मनोवेधक आहे. ज्योतीनें रुपयाच्या नाण्याएवढा एकच ठिपका लालबुंद तापवितात. पोलाद दर अंशास सुमारें बारा दशलक्षांश ह्या प्रमाणांत प्रसरण पावतें. तेव्हां पंचवीस मिलिमीटरचा ठिपका सातशें अंशांनीं तापला, तर तो सुमारें एक-पंचमांश मिलिमीटरनें वाढूं पाहतो. परंतु सभोंवारचा थंड व कठीण पत्रा त्यास बाजूस पसरूं देत नाहीं. मऊ झालेला ठिपका मग जाडीनें वाढतो. ओल्या फडक्यानें तो थंड केला, कीं आंकुंचन पावतांना सभोंवारच्या पत्र्यास आपल्याकडे ओढून घेतो. असे चार-सहा ठिपके पुरतात. जुन्या गाड्यांच्या साध्या पोलादास ही युक्ति मानवते. नव्या गाड्यांच्या खांबांत जें अधिक बळकट पोलाद वापरतात, त्याची ताकद मात्र उष्णतेनें नाहींशी होते, हें ध्यानांत ठेवावें.

पोच्याहून गंज वाईट. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो रंगास आंतून उचलतो आणि दिसूं लागतो तेव्हां पुष्कळ पुढें गेलेला असतो. फुगलेल्या रंगावर अणकुचीदार हत्यार टोंचून पाहावें. पत्रा ठणठणीत असेल, तर चकचकीत धातु लागेपर्यंत घासून, फॉस्फरिक आम्लयुक्त द्रव लावून व तो धुऊन-वाळवून पुढचें काम करतां येतें. हत्यार आरपार गेलें, तर तेवढा भाग शुद्ध पत्रा लागेपर्यंत कापून काढून नवा तुकडा जोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. जोडतांना सबंध रेघ एकदम ओढली तर उष्णतेनें पत्रा सुरकुततो. म्हणून दूरदूरचे टांके घेऊन, मध्यें थंड होऊं देऊन, ती पूर्ण करावी. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी, डिझेलची टाकी, तारा व गाद्या जपाव्या आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवावें. आंतील पोकळींत गंजरोधक मेण किंवा तेल फवारावें. आणखी एक गोष्ट: दारांच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोंकें असतात. तीं चिखलानें किंवा कारागिराच्या उत्साहानें बुजलीं, तर दार म्हणजे पाण्याची टाकीच होते.

आतां पुटीचा, म्हणजे ज्यास रंगारी लांबी म्हणतात त्या पदार्थाचा, विचार करूं. खरा प्रामाणिकपणा आणि खरी लबाडी ह्यांची गांठ येथेंच पडते. पूर्वीं पत्र्यांतील खळगे शिसें व कथील यांच्या मिश्रणानें भरीत. १९५० नंतर त्याची जागा हळूहळू पॉलिएस्टरच्या पुटीनें घेतली. ती वाईट नाहीं. हातोडीचें काम संपल्यावर जे केंसाएवढे उंचसखल भाग राहतात, ते भरण्यासाठींच ती आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या आंतील थर वर्षानुवर्षें टिकतो. परंतु हातोडीचे श्रम वांचवून बोटभर खोल पोचा नुसत्या पुटीनें भरला, तर कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनीं ती तडकते. पुटी पाणी शोषते. ते पाणी पत्र्यापर्यंत गेलें, कीं चकचकीत रंगाखालीं गंज सुखानें वाढतो. गंजलेल्या भोंकावर कागद किंवा जाळी चिकटवून वर पुटी थापणें ही तर सरळ फसवणूकच होय. पुटींत कडक करणारा मसाला शेंकडा सुमारें दोन भाग घालावयाचा असतो. उन्हाळ्यांत ती लवकर सेट होते म्हणून थोडी-थोडीच कालवावी. ती कोरडीच घासावी, पाण्यानें नव्हे.

जुनी गाडी घेणाऱ्यानें एक लहानसें लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून बरोबर न्यावें. चाकांवरील कमानी, दारांचे खालचे भाग आणि हौद्याचे कोपरे यांवरून तें फिरवावें. जेथें तें पकड सोडतें, तेथें रंगाखालीं पोलाद नसून जाड पुटी आहे. नाण्यानें हलकेच वाजवून पाहिल्यासहि फरक कळतो: पत्रा खणखणतो, पुटी बद्द बोलते. गाडीचें वय रंग सांगत नाहीं. तें चुंबक सांगतें.

पुटीनंतर अस्तर व शेवटीं रंग. उघड्या पत्र्यावर इपॉक्सीचें अस्तर, त्यावर पृष्ठभाग भरून काढणारें दुसरें अस्तर, मग क्रमाक्रमानें बारीक होत जाणाऱ्या घासकागदानें गुळगुळीतपणा, आणि अखेरीस फवाऱ्यानें रंगाचे पातळ थर, असा क्रम आहे. घाईनें एकच जाड थर दिल्यास तो ओघळतो. राबणाऱ्या मालगाडीच्या हौद्यास आरशासारख्या रंगाची आवश्यकता नाहीं. तेथें अस्तर नीट आणि रंग साधा असला तरी चालतो. पैसा थोडा असेल तर तो वरच्या चकाकींत न घालतां खालच्या अस्तरांत घालावा.

ज्यांच्या हातून हें काम होतें, त्यांच्या प्रकृतीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. दोन डब्यांच्या आधुनिक रंगांतील कडक करणाऱ्या भागांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा फवारा श्वासांत गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो, आणि एकदां शरीर त्यास विरोध करूं लागलें, कीं पुढें अत्यल्प मात्राहि बाधते. तोंडास बांधलेला रुमाल येथें कांहींच कामाचा नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. जुना रंग घासतांना उडणाऱ्या धुळींत शिसेंहि असूं शकतें. गॅरेजांत हाताखालीं लहान पोरें राबत असतात. त्यांना ह्या धुरळ्यांत उभें करून वांचविलेले चारशें रुपये फार महाग पडतात. आपण ग्राहक म्हणून "मुखवटा आहे काय?" एवढें विचारलें, आणि त्यापायीं वाढणारा थोडा खर्च कुरकुर न करतां दिला, तर तो बदल लवकर घडेल.

शेवटीं, दुरुस्त करावी कीं मोडींत काढावी? चासी शाबूत, इंजिन निरोगी आणि गंज फक्त हौद्यांत व मडगार्डांत असेल, तर दुरुस्ती योग्य. हौदा सबंध बदलतांहि येतो. परंतु त्याचा आकार किंवा रचना बदलावयाची असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें परिवहन कार्यालयाची संमति घ्यावी लागते. चासीच्या तुळयाच गंजून थर सुटूं लागल्या असतील, किंवा केबिनचे आधार कुजले असतील, तर त्या गाडीवर रंग चढविणें म्हणजे खचलेल्या भिंतीस चुना लावणें होय. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. ह्या तपासणीस कटकट न मानतां वर्षांतून एकदां गाडीची खरी प्रकृति समजून घेण्याची संधि मानावी. अधिकाऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकतां येईल; भरलेल्या गाडीच्या भाराच्या डोळ्यांत ती टाकतां येत नाहीं.

सारांश, क्रम असा ध्यानांत ठेवावा: आधीं चासी, मग दिवे, मग गंज, मग पोचा आणि सर्वांत शेवटीं रंग. बहुतेक मालक हा क्रम नेमका उलटा धरतात, कारण रंग शेजाऱ्यास दिसतो आणि चासी कोणासच दिसत नाहीं. पण कांद्याचीं पोतीं घेऊन घोडनदीचा पूल रात्रीं ओलांडणाऱ्या मुलाचा जीव त्या न दिसणाऱ्या तुळयांवर आणि त्या लहानशा तांबड्या दिव्यावर विसंबून असतो. घरच्या गाडीच्या दुरुस्तीसाठीं यापुढें पैसे पाठवाल, तेव्हां "रंग कोणता लावला?" ह्याच्या आधीं "कर्ण मोजले काय, आणि मागचा दिवा लागतो काय?" एवढें अवश्य विचारा.